सतरा इंच विकणाऱ्या टायरवाल्या शेठना खुलं पत्र

नमस्कार शेठ,

पत्राच्या सुरुवातीला 'सप्रेम' लिहायची रीत आहे. तुमच्याबद्दल प्रेम वाटत नाही, म्हणून नुसता नमस्कार. तुमचं नाव, दुकानाचं नाव, गावाचं नाव यातलं काहीच इथे लिहिणार नाही. हायवेला लागून मोठी पाटी, आत एसी, भिंतीवर चमकणारी अलॉय व्हील आणि काउंटरवर 'सुलभ हप्ते' असा फलक असलेली दुकानं प्रत्येक जिल्ह्यात आहेत. त्यांच्यापैकी ज्यांना हे पत्र आपल्यालाच आलंय असं वाटेल, त्यांनी ते आपलंच समजावं.

माझा भाचा तुमच्याकडे फक्त अलाइनमेंट करायला आला होता. गाडी नवीन स्विफ्ट, खालचं मॉडेल. टायर कंपनीचेच, १६५/८० आर १४. टायरवरचे रबराचे बारीक केससुद्धा अजून गेले नव्हते. तुम्ही गाडीभोवती एक फेरी मारलीत, टायरकडे बघून चक् केलंत आणि म्हणालात, "एवढे बारीक टायर? पावसात गाडी रस्ता धरणार कशी? मागे लेकरू बसवता ना?" सत्तावीस वर्षांच्या नव्या बापाला हे वाक्य ऐकवल्यावर तो पाकीट काढणार, हे तुम्हाला चांगलं माहीत होतं. संध्याकाळी गाडी बाहेर पडली ती २०५/४५ आर १७ घालून, वर हप्ते लावून. त्याचे कोरे टायर तुम्ही 'बायबॅक'च्या नावाखाली कवडीमोलाने ठेवून घेतलेत. ते पुढे कुणाला आणि कितीला विकलेत, हेही एकदा सांगा.

मी चार दिवसांनी दुकानात विचारायला आले तेव्हा तुम्ही मला "ताई, हे टेक्निकल आहे" म्हणालात. माझ्या वडिलांचं कराडला टायर रिमोल्डिंगचं दुकान होतं. टायरच्या कडेवर काय लिहिलेलं असतं ते मी शाळेत असताना वाचायला शिकले. तुमच्या भिंतीवरच्या पोस्टरवर जे लिहिलंय ते तुम्ही पाठ केलंय, टायरवर जे लिहिलंय ते नाही. म्हणून आता टेक्निकलच बोलू.

१६५/८० आर १४ याचा अर्थ, टायरची रुंदी १६५ मिलिमीटर, कडेची उंची त्या रुंदीच्या ८० टक्के म्हणजे १३२ मिलिमीटर, आणि रिम १४ इंचांची. वर-खालची कड आणि रिम मिळून चाकाचा एकूण व्यास सुमारे ६२० मिलिमीटर. तुम्ही घातलेल्या २०५/४५ आर १७चा व्यास सुमारे ६१६. व्यास तुम्ही बरोबर जुळवलात. स्पीडोमीटर फारसा चुकत नाही, हे मान्य. पण चाक तेवढंच ठेवून रिम तीन इंचांनी वाढली, तर ती वाढ कुठून आली? कडेतून. १३२ मिलिमीटरची कड ९२वर आली. रस्त्याचा धक्का आणि लोखंड यांच्यामध्ये जो हवेचा आणि रबराचा थर होता, त्यातले चार सेंटिमीटर तुम्ही काढून घेतलेत आणि त्याबद्दल गिऱ्हाइकाकडूनच पैसे घेतलेत.

त्या मापाच्या पुढे आणखी दोन आकडे आणि एक अक्षर असतं. जुन्या टायरवर ८५ टी होतं, नव्यावर ८४ व्ही. ८५ म्हणजे एका टायरने ५१५ किलो पेलायचे. ८४ म्हणजे ५००. रुंदीला ४० मिलिमीटर जास्त असलेला टायर वजन कमी पेलतो, कारण वजन पेलते ती आतली हवा, आणि कड कापल्यावर हवेला जागाच कमी राहते. याच मापात जास्त भार पेलणारे टायरही मिळतात. तुम्ही ते दिले नाहीत, आणि तसे मिळतात हे सांगितलंही नाही. स्विफ्टला ५०० किलो पुरतात. पण 'मजबूत टायर' म्हणून तुम्ही जे गळ्यात मारलंत, त्याच्या अंगावरच लिहिलंय की ते आधीच्यापेक्षा मजबूत नाहीत. राहिला व्ही. टी म्हणजे ताशी १९० किलोमीटरपर्यंत चालणारा, व्ही म्हणजे २४०पर्यंत. समृद्धी महामार्गावरसुद्धा कारला १२०ची मर्यादा आहे. मग २४०चे पैसे माझ्या भाच्याने कुठल्या रस्त्यासाठी भरले?

आता पकडीकडे येऊ, कारण तुमचा सगळा धंदा त्या एका शब्दावर उभा आहे. रुंद टायर म्हणजे जास्त रबर रस्त्याला टेकणार, हे तुमचं गणित. साधा हिशोब करा. माणसं बसलेल्या स्विफ्टच्या एका चाकावर साधारण पावणेतीनशे किलो येतात. टायरमध्ये ३३ पीएसआय हवा म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला सुमारे २.३ किलोचा दाब. भागाकार केला की रस्त्याला टेकणारा तुकडा १२० चौरस सेंटिमीटरच्या आसपास येतो, तळहाताएवढा. टायर १६५चा असो की २०५चा, वजन तेच आणि हवा तीच असेल तर हा तुकडा जवळजवळ तेवढाच राहतो. कडेच्या ताठपणाने थोडा फरक पडतो, पण तुम्ही सांगता तेवढा नाही. बदलतो तो आकार. बारीक टायरचा तुकडा अरुंद आणि लांब, रुंद टायरचा आडवा आणि आखूड.

आडव्या तुकड्याचा फायदा नाही असं मी म्हणणार नाही. कोरड्या, गुळगुळीत रस्त्यावर वळण घेताना तो फायदा खरा आहे. कड छोटी असल्यामुळे टायर कमी मुरगळतो, स्टिअरिंग फिरवल्याबरोबर गाडी वळते, जोरात घेतलेल्या वळणावर ती जास्त वेळ टिकून राहते. शर्यतीच्या गाड्यांचे टायर रुंद असतात ते याचसाठी. शिवाय मोठ्या मापाच्या टायरला बऱ्याचदा जास्त पकड देणारं रबर वापरलेलं असतं, त्यामुळे ब्रेकही थोडा बरा लागतो. पण मग ती पकड मापाची नाही, रबराची झाली. मिशलँ (मिशेलिन) कंपनीने १९९२मध्ये रबरात काजळीच्या जोडीला सिलिका मोठ्या प्रमाणावर आणली आणि ओल्या रस्त्यावरची पकड सुधारली, तेव्हा टायर रुंद करावा लागला नव्हता. चांगल्या रबराचा १६५चा टायर आणि कडक, जुन्या रबराचा २०५चा, यात पावसात कुठला थांबतो ते तुमच्या अंगणात पाणी टाकून बघता येईल.

आणि भाच्याला तुम्ही भीती घातलीत ती कोरड्या वळणाची नव्हे, पावसाची. तिथे तर तुम्ही उलटंच विकलंत. रस्त्यावर ३ मिलिमीटर पाणी साचलंय आणि गाडी ८०ने चाललीय असं धरा. १६५च्या टायरपुढे सेकंदाला ११ लिटर पाणी येतं. २०५च्या टायरपुढे साडेतेरा लिटरांहून जास्त. ते सगळं नक्षीच्या खाचांतून बाजूला गेलं नाही, तर टायर पाण्यावर चढतो आणि स्टिअरिंग हातात नुसतं फिरतं. नासाच्या वॉल्टर हॉर्न यांनी १९६०च्या दशकात विमानांच्या टायरवर याचा अभ्यास केला. त्यातून निघालेलं सूत्र ड्रायव्हिंग शिकवणाऱ्यांच्या पुस्तकांत आजही असतं. त्या सूत्राने ३३ पीएसआयला, भरपूर पाणी साचलेल्या रस्त्यावर, टायर तरंगू लागण्याचा वेग ताशी ९५ किलोमीटरच्या आसपास येतो. हवा कमी तर तो वेग कमी. टेकणारा तुकडा आडवा आणि आखूड असेल तर तो आणखी खाली येतो, कारण पाणी फोडायला लांबी कमी मिळते. जुलैमध्ये कोकणात उतरणाऱ्या माणसाला पावसाच्या नावाने २०५ विकलात. हे माहीत असून विकलंत की माहीत नसताना? दोन्ही उत्तरं तुमच्या दुकानाला शोभणारी नाहीत.

जुलैमध्येच ते झालं. भाचा बायको आणि मुलाला घेऊन कराडहून चिपळूणला निघाला होता. कोयनानगर सोडल्यावर, कुंभार्ली घाट सुरू व्हायच्या आधी, पाण्याने भरलेला एक खड्डा होता. खड्डा भरलेला असला की खोली कळत नाही, हे त्या रस्त्यावरच्या कुणालाही विचारा. वेगही नव्हता, चाळीसच्या आत. डावं पुढचं चाक त्यात गेलं, खाडकन् आवाज आला आणि गाडी डावीकडे ओढू लागली. नंतर मी तो टायर हातात घेऊन पाहिला. कडेवर एकासमोर एक असे दोन चिरे, एक बाहेरच्या बाजूला, एक आतल्या. खड्ड्याच्या काठाने टायर दाबून थेट रिमवर नेला आणि मधलं रबर लोखंडाच्या कात्रीत सापडलं. आतले दोरे तुटलेले नुसत्या डोळ्यांनी दिसत होते. रिमच्या ओठाला बोटभर वाक आलेला. १३२ मिलिमीटरची कड असती तर तो खड्डा शिवी घालून विसरला असता.

त्या रात्री त्यांना घाटातून कुणी उतरवलं सांगू? डिकीत पडलेल्या स्टेपनीने. ती तुमच्या नजरेतून सुटली होती म्हणून कंपनीच्या मापाचीच राहिली होती, तीच १६५/८० आर १४. मुसळधार पावसात, मोबाइलच्या उजेडात त्याने जॅक लावला, ती बारीक स्टेपनी चढवली आणि तीसच्या वेगाने पोफळीपर्यंत गाडी उतरवली. 'रस्ता धरणार कशी' असं ज्या टायरबद्दल तुम्ही म्हणालात, त्यानेच धरली.

दुसऱ्या दिवशी चिपळूणमध्ये २०५/४५ आर १७ मिळेना. तिथेच १६५/८० आर १४ दुकानादुकानांत रचून ठेवलेले असतात. शेवटी टायर पुण्याहून मागवावा लागला, आणि एका अ‍ॅक्सलवर एकसारखे टायर हवेत म्हणून एकाऐवजी दोन. वाकलेली रिम वेगळी. हमीबद्दल तुम्हाला फोन केला तेव्हा तुम्ही म्हणालात, आघाताने झालेलं नुकसान हमीत बसत नाही. बरोबर आहे, कुठलीच कंपनी ते धरत नाही. मग विकताना हे का नाही सांगितलंत? त्या वेळी तर तुमच्या तोंडात सारखा 'पाच वर्षं वॉरंटी'चा घोष होता.

आता पैशांबद्दल, कारण इथे तुम्ही लोकांना सगळ्यात जास्त अंधारात ठेवता. १६५/८० आर १४ ब्रँडप्रमाणे साधारण साडेचार-पाच हजारांत येतो. १८५/६५ आर १५ साडेपाच ते सातच्या दरम्यान. २०५/४५ आर १७ला दहा हजारांच्या पुढेच बोला. यातला रबराचा फरक थोडा आहे. जास्त वेगाचं अक्षर मिळवायचं तर पट्ट्यांवरून नायलॉनचा आणखी एक थर द्यावा लागतो, त्याचा काही खर्च आहे. पण खरं कारण खप. १४ आणि १५ इंची मापं लाखो गाड्यांना लागतात, म्हणून प्रत्येक कंपनी ती काढते आणि भावात एकमेकांशी भांडते. छोट्या गाडीला १७ इंची लो-प्रोफाइल लागणारं गिऱ्हाईक थोडं, म्हणून बनवणारेही थोडे. त्यात १२ जून २०२०ला विदेश व्यापार महासंचालनालयाने नव्या टायरची आयात निर्बंधित यादीत टाकली. परदेशातून येणारी अशी अवघड मापं आणखी दुर्मिळ झाली आणि उरलेल्या दुकानदाराच्या मनाला येईल तो भाव झाला. २२ सप्टेंबर २०२५पासून टायरवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८वर आला, ही सगळ्यांनाच दिलासा देणारी गोष्ट. पण दर बदलीला दुप्पट भाव मोजणाऱ्याला दहा टक्क्यांनी काय होणार? आणि टायर एकदाच घ्यायचे नसतात. गाडी आठ-दहा वर्षं वापरायची तर त्यात दोनदा तरी संच बदलतो. माप एकदा वाढवलं की रिम बदलेपर्यंत तो जास्तीचा खर्च गाडीला चिकटून राहतो. तुम्ही हप्ता पहिल्या संचाचा सांगितलात, पुढच्यांचा नाही.

अवघड मापाचा आणखी एक तोटा तुम्ही कधीच उच्चारत नाही. ज्या मापाला गिऱ्हाईक कमी, ते गोदामात पडून राहतं. टायरच्या कडेवर चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे, नंतरचे दोन वर्षाचे. भाच्याच्या टायरवर ३५२१ होतं. म्हणजे २०२१च्या पस्तिसाव्या आठवड्यातला माल तुम्ही त्याला ताजा म्हणून दिलात. रबर वापरलं नाही तरी म्हातारं होतं, कडक होतं, आणि कडक रबराची ओल्यातली पकड आधी जाते. पकडीसाठी दुप्पट पैसे घेऊन तुम्ही पकड गेलेला माल दिलात. आणि वर २०० रुपये घेऊन नायट्रोजन भरलात, जेव्हा आपण श्वासात घेतो ती हवाच ७८ टक्के नायट्रोजन आहे.

तुमच्या दुकानात रॅलीच्या गाडीचं मोठं पोस्टर आहे. त्या गाडीची चाकं कधी नीट पाहिलीत का? जागतिक रॅली स्पर्धेत डांबरावर १८ इंची चाकं लावतात, आणि खडीच्या रस्त्यावर तीच गाडी १५ इंची चाकं आणि उंच कडेचे टायर घालून उतरते. बर्फावर तर आणखी बारीक, खिळे लावलेले. रस्ता जितका वाईट तितकी रिम लहान आणि कड मोठी, हे पकडीवर पोट असलेल्या लोकांनी ठरवलेलं आहे. फॉर्म्युला वन २०२२ला १३ इंचांवरून १८ इंचांवर गेली, पण तिथे खड्डे नसतात आणि टायरचं बिल ड्रायव्हर भरत नाही. आणि रुंदीच्या हट्टाबद्दल एकच सांगते. बीएमडब्ल्यूने २०१३ला आय-थ्री ही विजेची गाडी आणली ती १५५/७० आर १९ टायर घालून. उंच आणि बारीक, तुमच्या दुकानातल्या प्रत्येक पोस्टरच्या विरुद्ध. त्यांना बॅटरीतली प्रत्येक युनिट वाचवायची होती, आणि रुंद टायर हवेत आणि रस्त्यावर ऊर्जा खातो हे त्यांना मोजून माहीत होतं. भाच्याच्या गाडीचं अ‍ॅव्हरेज पडलं ते त्याच कारणाने. त्याला तुम्ही 'इंजिन ऑइल बदला' म्हणून सांगितलंत.

माप वाढवणं हा गुन्हा आहे, असं माझं म्हणणं नाही. स्विफ्टच्याच वरच्या मॉडेलला कंपनी १८५/६५ आर १५ देते. व्यास ६२१ मिलिमीटर, कड १२०, दर आवाक्यातला, माल प्रत्येक गावात. भाच्याला खरंच पकड हवी होती तर तुम्ही त्याला हे माप दाखवायचं होतं आणि त्यातला ओल्या रस्त्यावर चांगला म्हणून माहीत असलेला टायर द्यायचा होता. त्याहून सोपं म्हणजे त्याच्याच रिमवर चांगल्या रबराचे १६५चे चार टायर. सगळ्यात प्रामाणिक उत्तर होतं, "दादा, तुमचे टायर कोरे आहेत, अलाइनमेंट करून देतो, हवा दर पंधरा दिवसांनी बघत जा." यात तुमचे पाचशे रुपये झाले असते. तेवढ्याने तुमचं पोट भरत नाही, म्हणून तुम्ही लेकराचं नाव घेतलंत.

मला सगळ्यात जास्त राग त्याचाच आहे, शेठ. हौस विका, चाकं चमकतात म्हणून विका, तरुणाला गाडी रुबाबदार दिसायला हवी असते आणि त्यात वाईट काही नाही. पण हौशीची वस्तू सुरक्षिततेच्या नावाने विकू नका. घाबरलेला बाप भाव करत नाही, प्रश्न विचारत नाही, टायरवरचे आकडे वाचत नाही. तुम्ही त्याच्या घाबरण्याची किंमत लावलीत.

आता माझं मागणं. पुढच्या गिऱ्हाइकाच्या गाडीचा ड्रायव्हरच्या बाजूचा दरवाजा आधी उघडा. चौकटीवर कंपनीचा स्टिकर असतो, त्यावर माप आणि हवेचा दाब असतो. तो गिऱ्हाइकाला मोठ्याने वाचून दाखवा. माप बदलून हवं असेल तर जुनी कड किती, नवी किती, भार किती, दर किती, आणि दोन वर्षांनी तेच टायर जिल्ह्यात मिळतील की नाही, हे त्याच्या हातात कागदावर द्या. बिलावर टायरच्या नावासोबत ते चार आकडेही लिहा, आठवडा आणि वर्ष. आणि भाच्याचे उरलेले तीन टायर आणि चार रिमा तुम्ही ज्या दराने त्याला विकलेत, त्याच दराने परत घ्या. मी गुरुवारी गाडी घेऊन येणार आहे. दुकानात बसून असा.

कळावे,
त्याची मावशी